मावशी, मी आले

मित्रांनो, मी शिट्टी. जुनी, पितळेची, फुटबॉलच्या पंचांची. माझ्या अंगावर पूर्वी चकचकीत निकेलचा मुलामा होता, तो ओठांनी आणि बोटांनी केव्हाच झिजला. तेव्हा माझं पितळ उघडं पडलंय हे सांगायला कुणी येऊ नका, मला ठाऊक आहे. हल्ली मी इस्त्रीच्या एका दुकानात, काउंटरमागच्या खिळ्याला लटकते. मैदानावरची शिट्टी इस्त्रीच्या दुकानात कशी आली, ते सांगते. जरा गप्प बसा म्हणजे झालं. गप्प बसवण्याचंच काम मी जन्मभर केलं आहे.

एका लहानशा कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, डाख देऊन मला घडवलं आणि माझ्या पोटात बुचाची एक गोळी सोडली. ही गोळी म्हणजे माझा जीव. फुंकर आत आली की ती गरागरा फिरते आणि माझा आवाज थरथरत बाहेर पडतो. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला एकदा फुंकून बघितलं आणि लगेच कानावर हात ठेवले. तेव्हापासून मला थोडी घमेंड आहे, ती आजतागायत गेलेली नाही.

मला विकत घेतलं आमच्या साहेबांनी. तेव्हा ते कसले साहेब, शाळा-कॉलेजांच्या सामन्यांना उभे राहणारे हडकुळे, नवखे पंच होते. त्यांच्याबरोबर मीही मोठी झाले. मातीची मैदानं मागे पडली, हिरवळ आली, मोठमोठी स्टेडियम आली. अंतिम सामना म्हटलं की साहेबांचंच नाव निघायचं. तुम्हाला वाटेल, माझा केवढा मान असेल! कसला मान? साहेब मला वाजवायचेच नाहीत. सामना सुरू करायला, थांबवायला वाजवायचे तेवढंच. एरवी त्यांचं सगळं काम तोंडानं चालायचं. कुणी कुणाचा शर्ट ओढायला लागला की ते त्याच्या बाजूनं पळत जायचे आणि हळूच म्हणायचे, “मी बघतोय हं.” ओढणारा हात आपोआप सुटायचा. दोघांची जुंपली की मध्ये जाऊन असं काही बोलायचे की दोघांनाही हसू फुटायचं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात यायचं, पंचांची शिट्टी जाणवलीसुद्धा नाही. यात माझं कौतुक कुठे आलं, ते तुम्हीच सांगा.

मग परदेशातून बोलावणं आलं. तिथल्या मोठ्या लीगला बाहेरचा पंच हवा होता, ज्याचं कुठल्याच संघाशी नातंगोतं नाही असा. एक मोसम काम बघू, जमलं तर कायम ठेवू, नाही जमलं तर परत पाठवू, असं ठरलं. वहिनींना, म्हणजे साहेबांच्या बायकोला, नोकरी सोडता येत नव्हती आणि मुलीची शाळा होती. वहिनी म्हणाल्या, तुम्ही जा, आम्ही दोघी राहू. निरोपाला सगळी पंचमंडळी जमली आणि नाव काढा म्हणून जो तो सांगू लागला. आता नाव काढायला निघालेल्या माणसाला मध्येच हात हलवत परत येता येतं का? साहेब हसत हसत सगळ्यांचा निरोप घेत होते, पण खिशातल्या हातानं त्यांनी मला घट्ट धरून ठेवलं होतं.

तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर मिळालं. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, फ्रिज पांढरा आणि आतून रिकामा. पंच संघटनेनं पहिल्याच दिवशी नियम समजावून सांगितले. कुठल्याही क्लबच्या माणसाशी मैत्री करायची नाही. खेळाडूंच्या घरी जायचं नाही. ज्या दुकानात एखाद्या संघाचा झेंडा लावलेला असेल तिथे बसून चहासुद्धा प्यायचा नाही, लोक फोटो काढतात. ऐकायला सोपं होतं. पण त्या गावात दोन संघ होते, एक निळा आणि एक हिरवा, आणि झेंडा नाही असं दुकान शोधून सापडत नव्हतं. बेकरीवाला हिरवा होता. न्हावी निळा होता. साहेब बिचारे आरशासमोर उभे राहून स्वतःच स्वतःचे केस कापायचे आणि मागची बाजू कशी दिसते हे त्यांना सांगायला कुणी नव्हतं. मी बघायचे, पण मला कोण विचारतो!

साइडचे पंच दुसऱ्या गावांतून यायचे, सामना संपला की गाडी पकडून निघून जायचे. मग आम्ही दोघंच. साहेब गरज नसताना मला फडक्यानं पुसत बसायचे. संध्याकाळी घरी फोन लावायचे. “मी बोलतोय. मजेत आहे.” रोज हेच. फोन संपला तरी तो हातातच धरून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे बघत राहायचे.

आणि भाषेची तर फारच पंचाईत. निघण्यापूर्वी त्यांनी एका पुस्तकातून थोडी पाठ केली होती. किती वाजले, स्टेशन कुठे आहे, मला एक खोली हवी आहे. आता मैदानावर चवताळलेल्या कर्णधाराला स्टेशन कुठे आहे असं विचारायचं का? साहेबांची बोलती बंद झाली. मग उरले कोण? मी!

मित्रांनो, माझी चंगळ झाली. धक्का लागला, वाजव शिट्टी. कुणी कुरकुरला, वाजव शिट्टी. जन्मात वाजले नाही इतकी मी तिथे वाजले. पण खरं सांगते, मला सुख नव्हतं. फुंकर कशाची आहे हे शिट्टीला आतून कळतं. त्या फुंकरा फाउलच्या नव्हत्याच. बोलायला माणूस नाही म्हणून छातीत जे साठत होतं, ते माझ्यातून बाहेर पडत होतं. बघणाऱ्यांना काय, त्यांना नुसता कर्कश आवाज ऐकू यायचा. लोक कंटाळले. पंचप्रमुखांनी साहेबांना बोलावून सांगितलं, लोक खेळ बघायला येतात, शिट्टी ऐकायला नाही. खेळाडूंशी बोला. बोलता येणार नसेल तर मोसम संपला की रामराम.

म्हणजे भाषा आली तर राहायचं, नाही तर हसं होऊन परत जायचं. आणि शिकायचं कुणाकडून? सगळं गाव निळं नाही तर हिरवं.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर इस्त्रीचं दुकान होतं. त्यावर झेंडा नव्हता, कारण तिथे निळ्यांचेही कपडे यायचे आणि हिरव्यांचेही. दुकान एका म्हाताऱ्या बाईंचं होतं. साहेब त्यांना मावशी म्हणायला लागले. मावशींना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. साहेबांचे काळे शर्ट बघून त्यांना वाटलं, हे कुठल्यातरी हॉटेलात वाढपी असणार. साहेबांकडे नाही म्हणायला शब्द नव्हते, म्हणून ते बरेच दिवस वाढपीच राहिले.

शर्ट न्यायला गेले की साहेब तिथल्या स्टुलावर बसून राहायचे. वाफेनं दुकान उबदार असायचं. मावशी दिवसभर बोलायच्या, कधी साहेबांशी, पण जास्त करून त्यांच्या लठ्ठ मांजरीशी, जी नेमकी इस्त्री केलेल्या कपड्यांवरच जाऊन बसायची. ये गं इकडे, ऊठ गं तिथून, बघते हं मी तुझ्याकडे. साहेब ऐकायचे आणि तसंच म्हणून बघायचे. मी खिशातून ऐकत होते. थोड्या दिवसांत साहेब भराभर बोलायला लागले. संध्याकाळी दारातून आत शिरतानाच ते म्हणायचे, “मावशी, मी आले.”

मित्रांनो, तुम्ही हसलात ना? त्या भाषेतही आपल्यासारखंच आहे. बाई येते आणि बुवा येतो. पण साहेबांना हे कळणार कसं? मावशी स्वतःबद्दल बोलायच्या ते बाईसारखं, मांजरीशी बोलायच्या ते मांजरीसारखं. साहेबांशी बोलताना या, बसा, घ्या असं मानानं बोलायच्या, आणि त्यात बाई-बुवा काही कळत नाही. साहेबांनी जे कानावर पडलं ते उचललं. आणि मी तरी काय सांगणार? मी स्वतः बाईमाणूस. साहेब माझ्यासारखं बोलायला लागले म्हणून मला उलट बरंच वाटलं.

मैदानावर जादू झाली. साहेब पळत पळत खेळाडूंच्या बाजूला जायचे आणि म्हणायचे, “मी बघते हं.” ओढणारे हात सुटायला लागले. दारातून वाकून जावं लागेल एवढ्या धिप्पाड बचावपटूला साहेब बोट दाखवून म्हणायचे, ये गं इकडे. तो गुमान यायचा आणि गालात हसायचा. साहेबांना वाटलं, जुनी हातोटी परत आली, मंडळी आपल्यावर खूश आहेत. माझं वाजणं कमी झालं. प्रमुखांनीही मान डोलावली. त्या दिवसांत साहेब जिना चढताना गुणगुणायचे.

आता तिथली एक पद्धत सांगते. एखादा निर्णय वादाचा झाला की पंचांनी तो पडद्यावर पुन्हा बघायचा आणि मग भोंग्यावरून सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असा जाहीर करायचा. साहेबांवर ती वेळ आली. त्यांनी पडदा बघितला, मैदानाच्या मध्यावर आले, छाती पुढे काढली आणि म्हणाले, “मी निर्णय बदलते. मी पेनल्टी देते.”

एका बाजूनं हसू फुटलं. मग दुसऱ्या बाजूनं. साहेबांना वाटलं, भोंगा नीट लागला नसावा. म्हणून त्यांनी आणखी मोठ्यानं सांगितलं, “मी पेनल्टी देते!” अख्खं स्टेडियम हसत सुटलं. ज्यांच्या विरुद्ध पेनल्टी होती ते खेळाडूसुद्धा गवतावर बसून पोट धरून हसत होते. शेवटी साइडचे पंच धावत आले आणि साहेबांच्या कानात काहीतरी सांगून गेले. मी साहेबांच्या मुठीत होते. ती मूठ एकदम गार पडली.

दुसऱ्या दिवशी गावानं त्यांचं नाव ठेवलं, शिट्टीमावशी. बघा अन्याय! शिट्टी मी, मावशी त्या तळमजल्यावरच्या, आणि नाव मिळालं साहेबांना. पुढच्या सामन्याला लोक सुरात ओरडायला लागले, देते गं देते! त्या पेनल्टीची चित्रफीत, खाली आपल्या भाषेत अर्थ लिहिलेली, साहेबांच्या घरापर्यंत पोचली. फोनवर मुलीनं हसून विचारलं, बाबा, तुम्ही मुलीसारखं का बोललात? ती लहान, तिला काय कळणार. साहेब हसले, मजेत आहे म्हणाले, आणि फोन ठेवून बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मग ते उठले आणि तडक मावशींच्या दुकानात गेले. तिथे त्यांना धड बोलताही येईना. क्रियापद लावायचीच भीती बसली होती. “तुम्हाला माहीत... मला... का नाही?” एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

मावशींनी इस्त्री उभी केली. “माझी मुलगी शिकायला म्हणून लांब गेली, ती तिकडचीच झाली,” त्या म्हणाल्या. “ती रोज संध्याकाळी दारातून आत येताना म्हणायची, आई, मी आले. तुम्ही पहिल्यांदा तसं म्हणालात, तेव्हाच तुम्हाला सांगणार होते. मग म्हटलं, उद्या सांगू. रोजच उद्या सांगू म्हणत राहिले. चुकलं माझं.”

साहेबांनी शर्ट उचलले आणि दार आपटून निघून गेले.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. सकाळी, हसं झाल्यावर संघटनेनं लावून दिलेल्या भाषेच्या शिक्षिका यायच्या आणि साहेब पाढे म्हणावेत तसे बघतो, देतो, सांगतो घोकायचे. संध्याकाळी तळमजल्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचे. दिवसभरात शिक्षिका सोडून कुणाशी एक शब्द नाही. माझीही तऱ्हा तीच. तिथल्या दमट हवेनं माझी बुचाची गोळी फुगली आणि एका सराव सामन्यात मी वाजलेच नाही, नुसती फुसफुसले. संघटनेनं साहेबांना नवी शिट्टी दिली. प्लास्टिकची, पोटात गोळीबिळी काही नाही, ऊन असो पाऊस असो, एकसारखी किंचाळणारी. मी कार्डांमागे, शर्टाच्या खिशात गेले. टाकून दिलं नाही हेच नशीब, असं मनाला समजावत राहिले, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

मोसमाचा अंतिम सामना जवळ आला. दोन्ही संघांना चालेल असा साहेबांखेरीज दुसरा पंच नव्हता, म्हणून तो त्यांनाच मिळाला. प्रमुखांनी स्पष्ट सांगितलं, पंचाला लोक घाबरले नाहीत तरी एक वेळ चालतं, पण हसले तर चालत नाही. यंदाचा शेवटचा सामना, तुमचाही शेवटचा ठरवायचा की नाही ते तुमच्या हातात आहे.

सामन्याच्या आदल्या दिवशी साहेब स्वतःच शर्टाला इस्त्री करायला बसले. मन थाऱ्यावर नव्हतं. छातीवरचा पंचांचा बिल्ला जळाला. जळका बिल्ला लावून अंतिम सामन्याला उभं राहता येत नाही, आणि तो उसवून नवा लावून देईल असं त्या गावात त्यांच्या ओळखीचं एकच माणूस होतं. साहेब शर्ट घेऊन मावशींच्या दारात उभे राहिले. सकाळभर आलो, गेलो घोकलेला माणूस. आता त्यांना सगळं बरोबर येत होतं. त्यांनी मावशींच्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाले, “मावशी, मी आले.”

मावशींनी वर बघितलं नाही. “या, बसा,” म्हणाल्या. सुईत दोरा ओवायला मात्र त्यांना फार वेळ लागला.

अंतिम सामन्यात पुन्हा तीच वेळ आली. गोल झाला, वाद झाला, साहेबांनी पडदा बघितला आणि मैदानाच्या मध्यावर आले. सगळे हसायला टपून बसले होते. कुणीतरी आधीच देते गं म्हणून ओरडलंही. साहेबांनी शांतपणे सांगितलं, “मी पुन्हा पाहिलं. मी गोल नाकारतो.” कुणी हसलं नाही. ज्यांचा गोल गेला तेसुद्धा मुकाट्यानं आपापल्या जागी परतले. बाकीचा सामना साहेब तोंडानंच चालवत होते आणि ती नवी प्लास्टिकची बया मनगटाला नुसती लोंबत होती. मला खिशात हसू आवरेना.

सामना संपल्यावर प्रमुखांनी पाठ थोपटली. करार पक्का, हवी तितकी वर्षं राहा म्हणाले. साहेब तिथून निघाले ते खांद्यावरच्या पिशवीसकट थेट दुकानात आले, मी आले म्हणाले आणि स्टुलावर बसून रडायलाच लागले. मावशींनी रडू दिलं. मग विचारलं, घरी कळवलंत का? साहेब डोळे पुसत म्हणाले, आता फोन करते.

मावशींनी इस्त्रीचं बटण बंद केलं. तोपर्यंत त्या साहेबांना कायम अहो-जाहो करायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा अरे म्हणाल्या.

“अरे, फोन माझी मुलगीही रोज करते. फोनवर ‘बोलते’ म्हणता येतं, बाळा. ‘आले’ नाही म्हणता येत.”

साहेब पिशवी उचलून वर गेले. त्या दिवशी त्यांनी घरी फोन लावला आणि मजेत आहे म्हणाले नाहीत. फार आठवण येते म्हणाले. थोड्याच दिवसांत त्यांनी कराराला नकार कळवला. एवढं मिळवून कुणी सोडतं का, म्हणून लोकांनी वेड्यात काढलं. प्रमुखांनी कारण विचारलं, तेव्हा साहेबांनी त्या भाषेत अगदी बिनचूक सांगितलं, “मी घरी जातो.”

निघायच्या दिवशी ते बॅग घेऊन दुकानात आले. मावशींनी प्रवासासाठी शर्टाला कडक इस्त्री करून दिली होती. मांजर बॅगेवर जाऊन बसली, तिला उचलून खाली ठेवावं लागलं. “येते हं, मावशी,” साहेब म्हणाले. मावशी लवकर ये म्हणाल्या नाहीत. सांभाळून जा म्हणाल्या, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या. त्या एकदा अशाच एका गाडीकडे बघत उभ्या राहिल्या असतील. या खेपेला तर गाडीत बसायला त्यांनीच सांगितलं होतं.

आणि मी? संघटनेला परत द्यायचा शर्ट साहेबांनी दुकानातच ठेवला होता. त्याच्या खिशात मी राहिले. आम्ही इतकी वर्षं एकत्र काढली आणि निघायच्या घाईत मी त्यांच्या लक्षातसुद्धा आले नाही. मला फार लागलं, लपवत नाही. दुपारी मावशींना मी सापडले. त्यांनी मला एप्रनच्या टोकानं पुसलं आणि खिळ्याला अडकवलं.

काही दिवसांनी फोन आला. “मावशी, मी बोलते,” पलीकडून साहेब म्हणाले. मावशी खळखळून हसल्या. घरी पोचून दारातून नुसतं आलो म्हटलं तर आतून दोघी धावत आल्या, वहिनींच्या हातात तशीच उलथनी होती, असं साहेबांनी सांगितलं. मावशींनी शिट्टी राहिल्याचं सांगितलं. राहू द्या तुमच्याकडेच, साहेब म्हणाले, न्यायला येते कधीतरी.

मित्रांनो, अजून तरी कुणी आलेलं नाही. माझी गोळी आता वाळली आहे, कुणी फुंकलं तर मी वाजेनसुद्धा. पण मावशींच्या छातीत तेवढा दम नाही आणि गिऱ्हाइकांना माझ्याशी काय घेणं! दिवसभर दार उघडतं, मिटतं. झाले का कपडे, एवढंच लोक विचारतात आणि घेऊन जातात. मावशी प्रत्येक वेळी मान वर करतात आणि पुन्हा खाली घालतात. मी इथून बघत असते.

शिट्टीची कशी काळजी घ्यावी, ओलावा कसा टाळावा, हे तुम्ही दुकानदाराला विचारा. मी तुमच्याकडे एवढंच मागते. शाळेतून या, खेळून या, कामावरून या, दारातून आत पाऊल टाकलं की आधी मोठ्यानं म्हणा. आलो म्हणा, आले म्हणा, चुकलं तरी चालेल. आत कुणीतरी हातातलं काम थांबवून ऐकत असतं.